एकच बटण दिसत होतं

१

पल्लवीची नर्सिंग कॉलेजातली जागा गेली, आणि ती तिनं आपल्याच हातानं सोडली, असं सगळं अनसिंग गाव म्हणत होतं. नाही म्हणणारी एकटी पल्लवी होती.

गुरुवारी दुपारी भिंतीपलीकडून पल्लवीच्या आईचा, भागिरथाबाईंचा, आवाज चढला, तेव्हा मी गोटीला भरवत होते. गोटी म्हणजे माझी लेक, अजून दात यायचेत. तोंडाला वरण फासलेली ती पोर कडेवर मारली आणि तशीच शेजारी धावले.

पल्लवी कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसली होती. खाटेवर तिचा काका उकंडराव तंबाखू मळत होता. भागिरथाबाई दारात उभ्या राहून अख्ख्या गल्लीला सांगत होत्या.

"सकायीच कालेजातून फोन आला व सपना! म्हने तुमच्या पोरीनं मंगळवारीच जागा सोडली, आता पुढच्या पोरीले देल्ली. अवं, मंगळवारी तं आमी जागा पक्की कराले गेलतो! माह्या डोयानं पाह्यलं म्या!"

"डोयानं पाह्यलं, पन वाचता येते का तुले?" उकंडराव म्हणाला. "पोट्टीच्या मनातच नसन जायचं. म्या तं जऊळक्याचं स्थळ पाहून ठेवलंच हाये. पोरगा शिक्षक हाये. झालं थे बरं झालं."

झालं ते बरं झालं! वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेल्या पोरीसमोर हे वाक्य तंबाखूसारखं थुंकून तो मोकळा झाला. माझी कानशिलं तापली. पण कडेवर लेक होती, म्हणून शिवी गिळली.

मी पल्लवीजवळ बसले. गोटीनं तिची वेणी धरून ओढली, तेव्हा तिनं मान वर केली.

"ताई, म्या पक्कीच केली. आईनं फोटो काढला, पेढा चारला. मी कायले सोडीन?"

गोटी होण्याआधी मी वाशिमला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवत होते. गावाला ते एरवी आठवत नाही, पण फॉर्म अडला की बरोबर आठवतं. मी वाशिमच्या प्रवेश मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या साहेबांनी नोंद पाहून सांगितलं, "मंगळवारी, तुमच्या गावच्याच ऑनलाइन सेवेच्या दुकानातून, ओटीपी टाकून जागा रद्द झाली आहे. हरकत घ्यायची तर उद्या संध्याकाळपर्यंत. पण पुरावा हवा, रडगाणं नको."

रडगाणं!

फोन ठेवला आणि पल्लवीला म्हटलं, "ऊठ, तोंड धू. कोणी केलं ते आजच शोधायचं."

२

आमच्याकडच्या ऑनलाइन दुकानांत एक रीत आहे. सगळा फॉर्म भरतो तो दुकानातला पोरगा. पण शेवटचं बटण ज्याचं त्यानं दाबायचं. त्या क्षणी तो पोरगा माउस सोडून खुर्चीवरून उठतोसुद्धा. चांगलं झालं तर पोरीच्या हाताचा गुण, वाईट झालं तर दुकानावर बोल नको. या रीतीमुळे आयांना फोटो काढता येतो आणि मालकाला रात्री झोप येते.

मंगळवारी पल्लवीसाठी खुर्चीवरून उठलेला पोरगा म्हणजे संघदीप. आमच्याच वस्तीतला. भागिरथाबाईंनी सकाळी भर बाजारात त्याला चोर म्हटलं होतं, आणि दुकानाचा मालक श्रेयांस यानं त्याला तासाभरात कामावरून काढलं होतं.

चोर म्हणण्याला कारण होतं. पल्लवीनं सोडलेली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. ती पुढची मुलगी पिंकी. संघदीपची सख्खी बहीण.

आम्ही गेलो तेव्हा संघदीप ओट्यावर मान खाली घालून बसला होता. पल्लवीला पाहताच उठून उभा राहिला.

"सपनावहिनी, तुमालेबी तसंच वाटते का?"

"मले काय वाटते थे सोड. मंगळवारी काय झालं थे सांग."

"लॉगिन केलं, पान उघडलं, उठलो. पल्लवीले म्हनलं, दाब. तिनं दाबलं. ओटीपी टाकाची चौकट आली. तिनं काकाले फोन करून आकडा घेतला, टाकला. 'आपली विनंती नोंदवली आहे' असं आलं. झालं."

"कायची विनंती, थे नव्हतं लिहिलेलं?"

"नाई. तेवढंच येते. पावती दोन दिवसानं निंघते."

कसली विनंती ते सांगायची तसदी न घेणाऱ्या त्या पानाचा मला असा संताप आला! जागा धरा की सोडा, उत्तर एकच.

"वेगळं काई दिसलं होतं का रे त्या दिवशी?"

"अक्षरं लय मोठी झालती. मले वाटलं साइटच बदलली. थे तं रोज नवं सोंग काढते. म्या लक्ष नाई देल्लं."

"हे श्रेयांसले सांगतलं?"

"सांगतलं ना. म्हने मशीन ठीक हाये, तू खोटं बोलून राह्यला."

पल्लवी हळूच म्हणाली, "संघदीपदादा, बटन तं एकच होतं ना?"

संघदीपनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं सूर्य एकच आहे का विचारलं. "एक कसं? दोन असतात. एक रद्दचं, एक निश्चितचं."

"मले एकच दिसत होतं," पल्लवी म्हणाली.

दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलत होतं. की दोघंही खरं?

३

त्याआधी उकंडरावाला मोकळं करायचं होतं किंवा अडकवायचं होतं. ओटीपी त्याच्या फोनवर येत होता. बारावीच्या वेळी घरात रिचार्ज मारलेला फोन तेवढा एकच होता, म्हणून तोच नंबर दिलेला. पोरगी जऊळक्याला नांदायला जावी अशी त्याची इच्छा. नंतर कोणाकडून पान उघडवून, दुसरा ओटीपी टाकून त्यानंच जागा सोडवली नसेल कशावरून?

"काका, फोन दाखवा."

"कायले?"

"तुमी पोरीचं वाटोळं केलं का नाई, थे पाहाचं हाये."

त्याचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं आता फोन भिंतीवर आपटतो. पण त्यानं तो माझ्या हातात दिला, आणि आवाज एकदम उतरला. "स्थळ पाह्यलं मी, नाई म्हनत नाई. पन पोरीचा गया कापन्याइतका वंगाळ मानूस नाई मी, सपना. पाय तू."

मी पाहिलं. प्रवेशाच्या साइटचा मंगळवारी एकच संदेश होता, दुपारचा. पल्लवीनं फोन करून मागितला तोच. त्याच्या आधी नाही, नंतर नाही.

मी फोन परत केला. गोटीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. एक ओटीपी म्हणजे एकच व्यवहार. पल्लवीच्या मागून कोणीही काहीही केलेलं नव्हतं. मंगळवारी पेढा खात, आईसमोर, हसत हसत जे बटण तिनं दाबलं, जागा सोडायचं बटण तेच होतं.

दारात पल्लवी उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"म्हणजे मीच?" ती म्हणाली.

४

"तूच. पण तुझी चूक नाही," मी म्हटलं. हे मला पटलेलं होतं. दुसऱ्याला पटवता येईल असं मात्र हातात काही नव्हतं.

श्रेयांसचं दुकान बाजारगल्लीत आहे. पुढे किराणा, आत कॉम्प्युटर. त्यानं आम्हाला पाहताच हात जोडले, बोलणं साखरेसारखं.

"या भाभी. मला माहीत होतं तुम्ही येणार. मशीन तुमच्यासमोर आहे. बसा, तपासा."

साइटवर सरावासाठी एक नमुना पान ठेवलेलं आहे. मी ते उघडलं. खाली दोन बटणं शेजारीशेजारी. डावीकडे 'प्रवेश रद्द करणे', उजवीकडे 'प्रवेश निश्चित करणे'. दोन्ही पूर्ण, दोन्ही स्वच्छ. अक्षरं बारीक, पण वाचता येतील अशी.

"मोजून घ्या," श्रेयांस म्हणाला. "आंधळ्यालाही दोन दिसतील. मंगळवारीही असंच होतं. सेटिंगला इथं कोणी हात लावत नाही."

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ब्राउझरची खिडकी मिटून खाली घेतली, आणि माउसवरचा माझा हात थांबला.

मागचा पडदा दिसत होता. त्यावरची चित्रं लाडवाएवढी मोठी. त्यांखालची नावं ठळक, फुगलेली. आणि ब्राउझरमधलं पान मात्र बारीक. एकाच मशीनवर एक गोष्ट फुगलेली, दुसरी आखडलेली? असं आपोआप होत नाही.

तेवढ्यात आतून श्रेयांसची आई, प्रेमाबाई, आल्या. डोळ्यांवर जाड भिंग. गोटीला पाहून त्यांनी ओचा सावरला आणि हात पुढे केले. गोटी कोणाकडे जात नाही, पण त्यांच्याकडे गेली.

"बेटी, कॉम्प्युटर बघते का तू? मग याला सांग ना," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी मी यावर प्रवचन ऐकते, खाली लिहिलेलं वाचते. बारीक, मुंगीसारखी अक्षरं. मंगळवारी कशी हरभऱ्याएवढी झाली होती, इतका आनंद झाला मला! बुधवारी आमची खुशबू येऊन गेली, की झाल्या परत मुंग्या."

"माँ, तू आत जा," श्रेयांस म्हणाला. साखर विरघळली होती.

"खुशबू कोण?" मी विचारलं.

"माझ्या भावाची पोरगी. तिचंही कॉलेजचं होतं ना, याच साइटवर. श्रेयांसनंच भरून दिलं, संघदीप परीक्षेला वाशिमला गेलेला."

मी श्रेयांसकडे पाहिलं. तो किराण्याच्या बाजूला वळला होता आणि वजनकाट्यावर काहीही नसताना काटा सारखा करत होता.

५

"भागिरथामावशी, मंगळवारचा फोटो द्या," मी म्हटलं. त्या आमच्या मागोमाग येऊन पायरीवर उभ्या होत्या.

फोटोत पल्लवी हसत होती. आईनं सांगितलं होतं, "बोट ठेव बटनावर, मंग दाब." म्हणून तिचं बोट पडद्याला टेकलेलं. फोटो मोठा करून पाहिला. बोटाच्या वर एक बटण होतं आणि त्यावर एकच शब्द, 'प्रवेश'. तो शब्द तिच्या अंगठ्याएवढा होता. शब्दाच्या खाली, बटणाच्या कडेला, पुढच्या ओळीची कापलेली डोकी. उजवीकडे दुसरं बटण नव्हतंच. पडदा संपला होता. आणि अगदी वर एक निळी पट्टी, ब्राउझर नवा झाल्याची.

आता मला सगळं दिसलं.

"श्रेयांसभाऊ, हे मशीन आईंसाठी तुम्ही दीडपट मोठं करून ठेवलंय. त्यानं साइटची पानं पडद्याबाहेर जायची, म्हणून फॉर्म भरणाऱ्यानं, म्हणजे संघदीपनंच, ब्राउझर तेवढाच लहान करून ठेवला असणार. एकानं वर ओढलं, दुसऱ्यानं खाली, म्हणून पान सरळ दिसायचं. मंगळवारी सकाळी ब्राउझर अपडेट झाला आणि त्यानं खालची ओढ पुसून टाकली. मग सगळं दीडपट. बटणाची उंची तेवढीच, म्हणून 'रद्द करणे' ही दुसरी ओळ त्यात कापली गेली. 'निश्चित'चं बटण कडेबाहेर गेलं. पोरीला दिसलं एकच, आणि त्यावर लिहिलेलं, प्रवेश. तिनं दाबलं. तुम्ही असतात तर तुम्हीही दाबलं असतं."

"ही तुमची कल्पना झाली."

"मग करून बघू." मी ब्राउझर शंभरावर नेला.

पान उसळून मोठं झालं. समोर एक बटण, त्यावर एक शब्द.

"हेच!" पल्लवी किंचाळली. "ताई, हेच दिसत होतं!"

गोटी दचकून रडायला लागली. प्रेमाबाई तिला थोपटत पुढे आल्या आणि भिंगातून पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "हां, अशीच होती. हरभऱ्याएवढी."

"अपडेटनं केलं, त्यात तुमचा दोष नाही," मी श्रेयांसला म्हटलं. "पण बुधवारी खुशबू बसली, तेव्हा तुम्हाला एकच बटण दिसलं. तुम्ही पान सरकवलं, दुसरं शोधलं, तिची जागा पक्की केली. मग सेटिंग गुपचूप आधीसारखं केलं. आदल्या दिवशी पल्लवी इथूनच गेली, हे तुम्हाला ठाऊक होतं. बुधवारी एक फोन केला असता तर? आज सकाळी संघदीप बाजारात चोर ठरत होता, तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यालाच काढलंत!"

"माझ्या दुकानाचं नाव गेलं असतं," तो पुटपुटला. "बटण तिनंच दाबलं. रीत आहे."

"रीत!" भागिरथाबाईंनी हातातली पिशवी खाली टाकली. "तुमची रीत म्हंजे हात धुवाची रीत! आमच्या पोट्टीच्या बोटाआड लपता व्हय?"

मग प्रेमाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "श्रेयांस, आपली खुशबू वाचली ना? मग ही कोणाची आहे? परक्याची पोर पोर नसते का? कागद घे. जे झालं ते लिहून दे. नाहीतर उद्यापासून हे मशीन मला दाखवू नको."

श्रेयांसनं कागद घेतला. लिहिताना एकदाही वर पाहिलं नाही.

६

शुक्रवारी एसटीनं आम्ही वाशिमला गेलो. पल्लवी, भागिरथाबाई, मी, कडेवर गोटी. संघदीप मागच्या बाकावर, आमच्याशी न बोलता.

मदत केंद्रातल्या साहेबांनी कागद वाचला, फोटो पाहिला. आधी कपाळाला आठ्या होत्या. मग त्यांनी आपल्याच मशीनवर नमुना पान उघडून मोठं केलं, आणि बराच वेळ त्या कापलेल्या बटणाकडे पाहत राहिले.

"हे आम्हाला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही पान बनवलं, तेव्हा चष्मेवाल्या माणसाला विचारलं होतं का?" मी म्हटलं. त्यांनी पल्लवीचा अर्ज उघडला.

"जागा परत देता येईल. पण ब्राउझर आधी लहान करून ठेवलेला होता, हे ज्यानं केलं त्याची सही लागेल. त्याशिवाय वर पटणार नाही. आणि एक आहे. जिला ही जागा दिली, त्या मुलीकडून ती काढून घ्यावी लागेल."

सगळ्यांनी संघदीपकडे पाहिलं. तो म्हणाला, "एक मिनिट," आणि बाहेर गेला.

मिनिट झालं. पाच झाली. भागिरथाबाई पदराचं टोक चावत होत्या. त्यांच्या मनातलं मला ऐकू येत होतं. तो आता परत येणार नाही. कायले येईल? त्याला चोर म्हटलं कोणी?

मी खिडकीतून पाहिलं. तो झाडाखाली फोन कानाला लावून उभा होता. मग आत आला. डोळे लाल होते.

"कुठं करू सही?"

"ती मुलगी तुझी कोण?" साहेबांनी आडनाव वाचून विचारलं.

"बहीन. तिलेच फोन केलता." त्यानं पेन घेतलं. "म्हने, असं कोनाच्या चुकीनं आलेलं नको मले. सही कर. मंग रडली."

त्यानं सही केली. साहेबांनी बटणं दाबली, आणि पल्लवीच्या नावापुढे हिरवं आलं. पल्लवीनं ओंजळीत तोंड लपवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. गोटीनंही ठेवला, मला पाहून.

"झालं बाई तुमचं काम," साहेब म्हणाले. "या आता."

भागिरथाबाई हलल्या नाहीत.

"अन् त्याच्या बहिनीचं?"

"ती वेटिंगवर. पहिली आहे. जागा निघाली तर मिळेल."

"निंघाली तं!" भागिरथाबाईंचा आवाज त्या खोलीत मावेना. "पान तुमचं तुटकं, कापलं तुमच्या मशीननं, अन् भोगाचं दोन गरिबाच्या पोट्ट्यायनं? एकीले देता अन् दुसरीच्या ताटातून काहाडता? अवो सायेब, चूक तुमची, तं जागा तुमी वाढवा ना एक!"

"बाई, ते माझ्या हातात नाही. वरून परवानगी लागते."

"मंग इचारा वर."

"मावशी, राहू द्या," संघदीप म्हणाला. भागिरथाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बाजारात जे बोलल्या होत्या त्याबद्दल माफी वगैरे त्यांना जमली नाही. त्यांनी नुसता त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या शेजारी ओढला. मग टेबलासमोर, फरशीवर, मांडी घालून बसल्या. त्यांच्या मागं पल्लवी बसली. मी गोटीला खाली सोडलं आणि पल्लवीच्या शेजारी बसले.

बाहेर रांग होती. लोक दारातून डोकावायला लागले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि टेबलाखालून त्यांच्या बुटाची लेस ओढायला निघालेल्या गोटीकडे पाहिलं.

"बाई, वेळ लागेल हो याला."

"लागू द्या," भागिरथाबाई म्हणाल्या. "लावा फोन. आमाले घाई नाई."

साहेबांनी फोन उचलला.